खालच्याची कमान खाली

बाबू मास्तरांच्या बँडमध्ये मिशांनासुद्धा शिस्त आहे. वरचा सूर वाजवणाऱ्यानं मिशा वर पिळायच्या, खालचा वाजवणाऱ्यानं खाली सोडायच्या. क्लॅरिनेटवाल्या दत्तूला मिशाच फुटत नाहीत, म्हणून मास्तर त्याला अजून पक्का धरत नाहीत.

मास्तर आमचे भूमचे शेजारी. पोलीस बँडमधून निवृत्त झाले आणि गावात लग्नाचा बँड काढून बसले. वरातीत वाजायचं प्रत्येक गाणं ते कॉम्प्युटरवर इंग्रजी पद्धतीच्या पाच रेघांत लिहितात, छापतात आणि ज्याच्या त्याच्या वाद्याला चिमट्यानं लावतात. आता हे लेखन वाचता येणारे बँडमध्ये दोघंच. एक स्वतः मास्तर आणि दुसरे त्यांचे नोकरीतले जोडीदार, खालचा ट्रंपेट वाजवणारे इस्माईलभाई. बाकीचे कानावर वाजवतात. ढोलवाल्यानं एकदा कागद उलटा लावला होता. मास्तर एवढंच म्हणाले, "अरे, कमानी उलट्या झाल्या की."

ही कमान म्हणजे मास्तरांचं दुखणं. सूर लांबवायचा असला की सुरांच्या दोन ठिपक्यांना जोडणारी बारीक कमान काढतात. एकाच ओळीवर दोन ट्रंपेट लिहिले, तर वरच्याची कमान वर, खालच्याची खाली. एवढं सॉफ्टवेअर आपणहून करतं. पण वरचा ट्रंपेट गप्प असला, की ते खालच्याची कमानही खुशाल वर वळवतं. तिथं मास्तरांचं टाळकं सरकतं. "वरचा घरी न्हाय म्हणून खालच्यानं माडीवर जाऊन बसायचं व्हय?"

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, हा माझा गुन्हा. दर रविवारी मास्तरांची हाक येते आणि मी एकेक कमान धरून खाली वळवत बसतो. मास्तरांच्या घरच्या काकूंनी एकदा भाबडेपणानं विचारलं, की वाजवताना या कमानीचा आवाज वेगळा येतो का? मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

अणदूरला तर हद्द झाली. लग्न माझ्या चुलतबहिणीचं. वरात ऐन रंगात आलेली, आणि मास्तरांना दिसलं की इस्माईलभाईंच्या कागदावर एक कमान वरच राहिली आहे. त्यांनी बँड थांबवला. वरची कमान नखानं खरवडली, करवलीकडून काजळ मागून घेतलं आणि खाली नवी कमान काढली. तोवर नवरदेव घोड्यावर घाम पुसत बसलेला. नवरदेवाचा मामा मला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

परतताना एसटीत मी मास्तरांवर उखडलो. कुणी न वाचणाऱ्या कागदासाठी माणसांची शोभा का करता, असं तोंडावर विचारलं. मास्तर माझ्या कानाशी वाकले.

"इस्माईलचे डोळे साखरेनं खाल्ले," ते हळूच म्हणाले. "ठिपके त्याला कळत न्हाईत. कमान तेवढी दिसती. खाली लोंबती ती आपली, एवढ्यावर वाजिवतो. कमान वर गेली तर चुकंल, आन् एकदा चुकला की ट्रंपेट ठिवून देईल. घरी एकटाच ऱ्हातो त्यो. त्याला एकट्याला कागद कसा द्यायचा? म्हणून समद्यांना देतो."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई बाजारात भेटले, तेव्हा कागद आता नीट दिसतो ना, म्हणून मी मुद्दाम विचारलं. त्यांनी माझा हात चाचपडत धरला आणि बाजूला नेलं.

"गुरुजी, कागद हाय का न्हाय ते बी दिसत न्हाय. सगळं याद हाय म्हणून वाजिवतो. बाबूला सांगू नका. लई मेहनत करतो बिचारा माझ्यासाठी."

त्या रविवारी हाक यायच्या आधीच मी मास्तरांकडं गेलो. न बोलावता कसे आलात, म्हणून त्यांनी विचारलं.

"मागल्या गाण्यात एक कमान वर राहिलीय," मी म्हणालो आणि कॉम्प्युटर सुरू केला.