रॉकभाऊंची एकट्याची कॅसेट

रॉकभाऊंना नवीन माणूस भेटला की ते नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत, जात तर नाहीच नाही. "आ करा," म्हणायचे.

पूर्णेला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या ओळीत ते राहायला आले, त्या दिवशी सासूबाई शेजारधर्म म्हणून पाण्याची घागर घेऊन गेल्या. "कुठले म्हणायचे तुमी?" असं त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "मावशी, आ करा." सासूबाईंना वाटलं, दाताचा डॉक्टर आला. त्यांची दाढ दुखतच होती. त्यांनी घागर खाली ठेवली अन् तोंड उघडलं.

"नुसतं न्हाई, आवाज काढा."

सासूबाईंनी भीत भीत आवाज काढला. भाऊंनी डोळे मिटून ऐकला अन् मान हलवली. "जाड तार. एकदम सोलो!" दाढ तशीच राहिली.

चांगल्या गोष्टीला ते 'एकदम सोलो' म्हणायचे. चहा एकदम सोलो, पाऊस एकदम सोलो, माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी तर डबल सोलो. कामाला ते रेल्वेतच होते. डब्यातले दिवे-पंखे दुरुस्त करायचे. दारावर पाटी होती, 'मधुकर रॉक'. हे काही आडनाव नव्हे हे सगळ्यांना कळत होतं. खरं आडनाव कळावं म्हणून लोकांनी काय काय केलं. एकानं पोस्टमनला विचारलं, तर पत्रंही रॉक नावानंच यायची. दुसऱ्यानं जेवायला बोलावून काय खातात ते पाहिलं. भाऊ सगळंच खायचे. शेवटी लोक कंटाळले अन् रॉकभाऊ म्हणू लागले.

सिकंदराबादला शिकाऊ असताना एका गार्डाकडून ते विजेवरची गिटार शिकले होते. लाल रंगाची, एका बाजूनं चेपलेली. तिचा आवाज मोठा करायचं यंत्र त्यांनी स्वतः एका जुन्या रेडिओच्या खोक्यात बसवलं होतं. संध्याकाळी ते वाजवायला बसले की ओळीतले सगळे बल्ब मिचमिचायचे अन् माझ्या मांडणीवरची ताटं आपोआप थरथरायची. एकदा माझ्या हातून झारा पडला. भिंतीपलीकडून आरोळी आली, "वहिनी, तो झारा पुन्हा पाडा! सूर बरोबर लागला होता!" मी घाबरून पुन्हा पाडला. भाऊ म्हणाले, "आता न्हाई लागला."

मला त्यांनी तीनदा 'आ करा' म्हटलं. मी तिन्ही वेळा पदर ओढून आत गेले. मी कधी हळदीतही गायले नाही.

मग त्यांनी कॅसेट काढायचं मनावर घेतलं. सोलो कॅसेट. सोलो म्हणजे एकट्याची. अन् एकट्याची म्हणून त्यांनी निम्म्या गावाला गायला बोलावलं.

"एकट्याची म्हंता अन् हे लग्नाचं वऱ्हाड कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मावशी, गिटार माझी एकट्याची. गळे पाहुणे."

पाहुणा म्हणजे अगदी पाहुणा. गायला आलेल्या पुरुषाला टॉवेल-टोपीचा आहेर. बाईला खण-नारळ. घरात बाईमाणूस नव्हतं म्हणून ओटी भरायला मला बोलवायचे. गाणं मागून, आधी मानपान.

पहिले पाहुणे आमचे मालक. ते शिवभजनाच्या मंडळात पुढं बसणारे. सोनपेठपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. लोक त्यांना अण्णा म्हणतात. घरात ते फार बोलत नाहीत, पण टाळ हातात आला की वेगळाच माणूस होतो. "तुमच्या त्या कर्कश पेटाऱ्यावर शंकराचं भजन?" असं म्हणत गेले अन् दोन तासांनी टोपी घालूनच परत आले. रात्री जेवतानाही ती काढली नाही.

दुसरे खाजाभाई टांगेवाले. ते कव्वाली म्हणायचे. तिसरी शेवंताबाई, भीमनगरची. रुळावर खडीच्या पाट्या वाहायची. तिचा आवाज गळ्यातून येतच नव्हता, कुठून तरी खालून, पोटातून यायचा. मी ओटी घेऊन गेले तर म्हणाली, "आमच्यात ओटी बंद केली ताई. द्यायचंच असंल तर फुलं द्या."

मी अंगणातली मोगऱ्याची फुलं आणली अन् तिच्या ओंजळीत वरूनच सोडली. हाताला हात लागणार नाही अशी. सवयच तशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. फुलं डोक्यात माळून गायला उभी राहिली. ती गात होती तेव्हा मी दारात उभी होते अन् माझ्या हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

अशी आठ-दहा माणसं गाऊन गेली. प्रत्येकाचं एक गाणं, अन् शेवटी सगळ्यांचं मिळून एक. त्या शेवटच्या गाण्याला शब्दच नव्हते. नुसता आ. "शब्द आले की देव आले, देव आले की भांडण आलं," भाऊ म्हणायचे.

पण सगळे एका वेळी यायचे कसे? कुणाची ड्यूटी, कुणाचा बाजार. म्हणून भाऊंनी युक्ती काढली. त्यांच्याकडं दोन टेप होते. एकावर गिटार लावायची, समोर मालकांनी गायचं अन् दुसऱ्या टेपनं दोन्ही भरून घ्यायचं. मग ती कॅसेट लावायची, समोर खाजाभाईंनी गायचं, पुन्हा दोन्ही भरायचं. मग त्यावर शेवंताबाई. कोऱ्या कॅसेटी दोनच होत्या, म्हणून मागचं पुसून पुढचं भरत जायचे. दर वेळी नवा आवाज वर यायचा अन् गिटार आणखी खाली जायची. दहा पाहुणे झाले तेव्हा गिटार कान लावूनही सापडेना.

मी न राहवून म्हटलं, "भाऊ, तुमचीच ऐकू येईना की."

"घरात इतके पाहुणे आले वहिनी," ते खुशीत म्हणाले, "घरवाल्यानं ओट्यावर सरकावं लागतं."

तेव्हाच ते विद्यापीठाच्या नावाचं पुन्हा पेटलं. ती सगळी वर्षं तशीच गेली. मधे थोडं थंड व्हायचं, पुन्हा कुठं तरी ठिणगी पडायची. नाव बदलायचं म्हणणारे एकीकडं, बदलू देणार नाही म्हणणारे एकीकडं. बस बंद, बाजार बंद, एकमेकांकडं बघणं बंद. विद्यापीठाचं दारही न पाहिलेली आमच्यासारखी माणसंसुद्धा त्या नावावरून एकमेकांचं पाणी तोडायला निघाली.

अन् मालकांच्या मंडळाला कळलं की अण्णांचा आवाज भीमनगरच्या बाईबरोबर एका कॅसेटवर आहे.

मालक भाऊंकडं गेले. मीही मागं दारात. मालकांना भांडण नको होतं. ते म्हणाले, "असं करा. माझं गाणं एका बाजूला घ्या, तिचं दुसऱ्या बाजूला." भाऊ लगेच तयार झाले. मालकांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे म्हातारे आप्पा घरी आले. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी घरातली एक कॅसेट मागवली, डोळ्यांजवळ धरून पाहिली. "दोन बाजू म्हंतूस, पण फीत एकच हाय की रे. अन् ही गुंडाळली जाती. एकावर एक बसती. शिवली न्हाई का मग?"

मालक माझ्यासारखेच, मोठ्यांपुढं न बोलणारे. मी आतून ऐकत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"अन् त्या शेवटच्या गाण्यात तर दोघांचा आवाज एकात एक हाय म्हणं," आप्पा म्हणाले. "तिचा काढून टाका म्हणावं. न्हाईतर सोमवारी कॅसेट आणून मठापुढं फोडायची. ते जमत नसंल तर टाळ खाली ठिवायचा."

मालक पुन्हा भाऊंकडं गेले. भाऊंनी त्यांना समोर बसवलं. "अण्णा, वरणातली हळद काढून दावा. मी तिचा आवाज काढून देतो."

"मग माझा तरी काढा."

"ती बी हळदच हाय अण्णा."

त्याच संध्याकाळी भीमनगरची दोन तरुण माणसं आली. चांगली शिकलेली, रागानं लाल झालेली. "शेवंतामावशीचा आवाज त्यांच्या भजनाला जोडलाव म्हणं. काल आमच्या दोघांना बसमधून उतरवून मारलं. अन् हितं तुमी आमाला एका सुरात गायला लावायलाव? काढून टाका. न्हाईतर सोमवारी आमी येऊन नेतो."

भाऊ म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

खाजाभाई तर रस्त्यातच टांगा थांबवून ओरडले, "मियाँ, मेरा बी निकाल डालो! मेरेकू दोनो तरफ की सवारी बिठाना हाय!"

बाकीच्यांनीही निरोप पाठवले. सगळ्यांना एकच पाहिजे होतं, आपण त्यात नव्हतो असं व्हावं. अन् सगळ्यांनी मिळून सोमवार नेमला होता. दोन जमाव, एक दार.

रविवारी दुपारी मालक ड्यूटीवर होते, सासूबाई पडल्या होत्या. भिंतीपलीकडं सकाळपासून टेप लागत होता अन् अर्ध्यात बंद होत होता. मी भाजीची वाटी घेऊन गेले. दारातच थांबले. भाऊंनी दाढी केलेली नव्हती.

"वहिनी, जरा बसता का हितं? एकट्यानं ऐकवंना झालंय."

मी परक्या पुरुषाच्या घरात कधी बसले नव्हते. उंबऱ्याच्या आत, दार सताड उघडं ठेवून बसले. त्यांनी पहिल्यापासून लावलं. मालक गायले, खाजाभाई गायले, शेवंताबाई गायली. मग ते शेवटचं, सगळ्यांचं. मालक टिपेला जात अन् शेवंताबाई खालून त्यांना उचलून धरी. त्या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी नीट पाहिलं नव्हतं. तरी ते गाणं असं होतं, जसं एका घरातली माणसं जात्याच्या दोन बाजूंना बसलीत.

संपलं. भाऊंनी कॅसेट मागं फिरवली. माइकच्या भोकात एक नुसती पिन घातली. म्हणाले, "म्हणजे नवं काही भरणार न्हाई. जुनं तेवढं जाईल." अन् दोन बटणं एकदम दाबली.

मला कळायला वेळ लागला. "भाऊ, हे काय करायलाव?"

"उद्या दोन्हीकडची माणसं येणार. ही असली तर डोकी फुटतील. अन् एकाच्या हाती दिली तर दुसरा त्याला सोडणार न्हाई."

कॅसेट एका क्षणात पुसली जात नाही हे मला तेव्हा कळलं. जेवढा वेळ भरायला लागतो तेवढाच पुसायला लागतो. चाकं फिरत होती. आम्ही दोघं गप्प बसलो होतो, रेकॉर्डिंग चालू असल्यासारखे. आता मालक जात असतील. आता खाजाभाई. पलीकडून सासूबाईंनी हाक मारली, "सुमे! अगं ए सुमे!" मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. जन्मात पहिल्यांदा मी ओ दिली नाही. एक बाजू संपली. भाऊंनी उलटी करून दुसरी लावली.

सगळं झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, एक करा. मी मुद्दाम पुसलं हे कुणाला सांगू नका. अण्णांना वाटंल, आपल्यापायी गेलं. शेवंताबाईला वाटंल, आपल्यापायी. मग दोघं बी जन्मात तोंड उघडणार न्हाईत. मला येडं म्हणू द्या. येड्यानं चुकीचं बटण दाबलं, बस."

सोमवारी दोन्हीकडची माणसं आली. भाऊ ओट्यावर कपाळ बडवत उभे होते. "घात झाला हो! दोन वर्षं खपलो अन् चुकीचं बटण दाबलं!" त्यांनी टेप लावून दाखवला. नुसती खरखर. आप्पांनी कान लावला, त्या दोघा तरुणांनी कान लावला. मग गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. त्या वर्षांत दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला हसलेली मी तेवढी एकदाच पाहिली. हसत हसत आपापल्या वाटेनं गेली.

दोन महिन्यांत भाऊंनी बदली मागून घेतली. कुठं गेले ते नीट कळलं नाही. शेवंताबाई पुढं कितीतरी वर्षं रुळावर दिसायची. पाटी खाली ठेवून कधी कधी गायची. आमच्या ओळीकडं पाहायची नाही.

परवा पेडगावला नात्यात लग्न होतं. पंगत उठल्यावर मालक सगळ्यांना तीच गोष्ट सांगत होते. हातवारे करून, भाऊंसारखं कपाळ बडवून. माणसं पोट धरून हसत होती.

"हिला इचारा," मालक म्हणाले, "शेजारीच होती ही. सांग की गं, कसं तोंड झालं होतं त्याचं!"

सगळे माझ्याकडं वळले. मी मान खाली घातली. मला बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आता एक भजन होऊ द्या." मालकांनी टोपी सारखी केली, टाळ घेतला अन् गायला लागले. वय झालं तरी आवाज अजून तसाच लागतो. फार सुरेख गायले. मी उष्टी ताटं गोळा करत होते. ती हळूच एकावर एक ठेवत गेले, आवाज होऊ नये म्हणून.