प्लास्टिकमधली पदवी

"कागदपत्रांचं तू माझ्यावर सोड! कामं कशी करतात ते बघच!" असं नवऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, तिथेच खरं तर बायकोने सावध व्हायला हवं होतं. ती दुसऱ्या देशात शिकलेली जनावरांची डॉक्टर. इथे तिच्या पदवीला मान्यता नव्हती, म्हणून तीन वर्षं दवाखान्यात कुत्र्यांचे पिंजरे धूत होती. आता तिथेच डॉक्टरची जागा निघाली होती आणि मान्यतेचं पत्र शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

गुरुवारी, परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयात, नवऱ्याने ऐटीत पिशवी उपडी केली. पदवी, पाच वर्षांच्या गुणपत्रिका, झाडून सगळं लॅमिनेट केलेलं!

टेबलापलीकडच्या बाईंनी पदवीवरून अंगठा फिरवला. "उठावाचा शिक्का हाताला लागायला हवा. लागत नाही."

"ओल लागू नये म्हणून केलं, मॅडम! शंभर वर्षं काही होणार नाही!"

"अहो, ती मूळ प्रत होती!" बायको किंचाळली.

"एका मिनिटात सोलतो!" म्हणत त्याने किल्ली खुपसली. टर्रकन आवाज झाला आणि कुलगुरूंची सही प्लास्टिकला चिकटून वर आली! बायकोचे डोळे भरले. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई मात्र शांत. "कागद फाटला म्हणून शिक्षण फाटत नाही. विद्यापीठाला मी आत्ताच विचारते. तोवर तिघा जाणकारांची समिती तुमच्याशी बोलेल. आणि नाही म्हणायचं झालं, तर शिक्षण कुठे कमी पडतं ते आम्ही दाखवायचं, तुम्ही नाही."

तासभर बायको समितीपुढे बोलत होती. गाईचं पोट फिरलं तर कान कुठे लावायचा, चीर किती घ्यायची, वासरू आडवं आलं तर हात कसा घालायचा! नवरा कोपऱ्यात आ वासून ऐकत होता. बारा वर्षांच्या संसारात त्याने तिला फार तर भाजीत मीठ टाकलंस का, एवढंच विचारलं होतं. आपण केवढ्या माणसाशेजारी घोरतो, हे त्याला आज कळलं!

"इथल्या डॉक्टरांपेक्षा तुमचं शिक्षण कुठेही कमी नाही," बाई म्हणाल्या. विद्यापीठाचं उत्तरही आलं होतं. पत्र तिच्या हातात पडलं.

त्या न्यायाने नवरा असा भारावला, की हात जोडून बोलून गेला, "मॅडम, माझंही बघा ना! लग्नात पदवीधर म्हणून सांगितलं होतं, पण शेवटच्या वर्षाचे चार विषय राहिलेत!"

"जेवढं शिकलात, तेवढं नक्की धरू!" बाई उत्साहाने म्हणाल्या.

बायको सावकाश वळली. "राहू द्या, मॅडम. ह्यांच्यासाठी समिती मी बसवते."

ती समिती अजून उठलेली नाही!