दिनकररावांची चाके

एका जंगलात, मुलांनो, एक फार चांगला रस्ता होता. जंगलातले रस्ते असे नसतात. पण सिंहमहाराजांची सासुरवाडी घाटापलीकडे होती, म्हणून हा रस्ता गुळगुळीत होता आणि दर उन्हाळ्यात तो पुन्हा गुळगुळीत केला जाई.

रस्ता झाल्यावर प्राण्यांना एकाएकी आरोग्याची काळजी वाटू लागली. ज्यांना चार धडधाकट पाय होते त्यांनी दोन चाकांच्या सायकली घेतल्या. मग त्यांनी एक सायकल मंडळ काढले. मंडळाचे सभासद पहाटे उठत, घट्ट कपडे घालत, वडाखाली जमत आणि चहा पीत. त्यातले काही जण नंतर सायकलही चालवत.

या मंडळात दिनकरराव नावाचे एक अस्वल होते. त्यांनी मात्र सायकल आरोग्यासाठी घेतली नव्हती. त्यांची आत्या घाटमाथ्यावर एका गुहेत एकटीच राहत होती. दिनकररावांची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्याने त्यांना पाठीवर बसवून जंगलभर हिंडवले होते, वारुळे कशी फोडायची ते शिकवले होते आणि मधमाश्या चावल्या की रात्रभर फुंकर घातली होती. आता आत्याचे डोळे गेले होते. दर रविवारी तिला भेटून यावे, एवढ्यासाठीच ही सायकल होती. हेतू चांगला होता, मुलांनो. चांगल्या हेतूचे पुढे काय होते ते तुम्हाला शाळेत शिकवत नाहीत, म्हणून मी सांगतो आहे.

पहिल्या रविवारी दिनकरराव खरोखरच गेले. सायकलीबरोबर जी चाके आली होती त्यांच्यावरच गेले. वाटेत दम लागला तेव्हा थांबले, ओढ्यावर पाणी प्यायले, पुन्हा निघाले. शेवटच्या वळणावर त्यांनी पायडल मारणे थांबवले, तसे मागचे चाक टर्रर्र वाजू लागले. तो आवाज ऐकून आत्या भिंत चाचपत गुहेच्या तोंडाशी आली.

"दिनू, आलास का रे?" ती म्हणाली.

तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. पानावर मोहाची फुले काढून ठेवली. दुपारभर दोघे बोलत बसले. दिनकरराव घरी आले ते इतके खुशीत, की दुसऱ्या दिवशी त्यांनी ही हकिकत मंडळात सांगितली. तिथेच घात झाला.

मंडळात हेमंतराव नावाचे एक माकड होते. ते चाकांचे जाणकार होते. त्यांना सायकल चालवताना कोणी पाहिले नव्हते, कारण त्यांचा गुडघा दुखत असे. पण चाकांविषयी जे जे म्हणून छापून येई ते त्यांना पाठ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "वेळ किती लागला?"

"सकाळ गेली," दिनकरराव म्हणाले. आपल्याला वेळ लागला होता हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते.

"आणि चाकं कुठली?"

"सायकलीबरोबर आली ती."

हेमंतरावांनी कप खाली ठेवला. बाकीचे सभासद आपापल्या चहात बघू लागले. लग्नाच्या पंगतीत कोणी फाटक्या बनियनवर येऊन बसावे, तसे सगळ्यांना अवघडल्यासारखे झाले. दिनकररावांना मनापासून लाज वाटली. आपण आत्याकडे असल्या चाकांवर गेलो, आणि तिने बिचारीने काही बोलूनही दाखवले नाही.

मग हेमंतरावांनी त्यांना चाके समजावून दिली. घाट चढायचा तर बुटक्या रिमची, हलकी चाके हवीत. माळावर पळायचे तर खोल, म्हणजे रुंद कडेच्या रिमची, वारा कापणारी चाके हवीत. पण खिंडीत आडवा वारा सुटतो, आणि तो खोल रिमेला धरून सायकल दरीकडे ओढतो. आत्याच्या गुहेपर्यंत आधी घाट होता, मग खिंड, मग माळ.

"आत्या जरा अलीकडे राहत्या तर प्रश्न सोपा होता," हेमंतराव म्हणाले.

दिनकररावांनाही ते पटले. आत्याने घर निवडताना जरा विचार करायला हवा होता.

जुनी चाके काढून झाडाला टांगली. सायकल वडाखाली पाय वर करून पडली. दुकानदाराने चाकांच्या दोन जोड्या पारखायला पाठवल्या, एक बुटकी आणि एक खोल. मंडळ कामाला लागले. सभासद रिमेवर टिचकी मारून आवाज ऐकत. आरे मोजून ते चपटे बरे की गोल बरे यावर भांडत. या वादावरून तरसाने आणि सांबराने बोलणे टाकले, आणि मुलांनो, ती दोघे शेजारी होती.

घाटमाथ्यावरून एक धनेश पक्षी रोज खाली येई. तो आत्याचा निरोप आणी. रविवारी येतोस का, असे ती विचारी. दिनकरराव सांगत, "चाकं ठरली की लगेच येतो." हे ते अगदी खरे सांगत. आत्यावर त्यांचा जीव होता, म्हणून तर तिच्याकडे जायला ते उत्तमातली उत्तम चाके शोधत होते.

एकदा आत्याने धनेशाबरोबर एक शंका पाठवली. चाकांत ठरवायचे काय असते, ती गोल असतात ना, असे तिने विचारले होते. मंडळात इतका हशा पिकला की चहा सांडला. दिनकररावही हसले. आत वाईट वाटत होते, तरी हसले.

धनेश हसला नाही. तो म्हणाला, "हल्ली रातकिडा वाजला तरी त्या बाहेर येतात. तुमचंच चाक वाजलं असं वाटतं त्यांना. पानावर फुलं काढून ठेवतात. मग ती मुंग्या नेतात."

दिनकररावांनी झाडाला टांगलेल्या जुन्या चाकांकडे पाहिले. पण हेमंतरावांचे कान टवकारले. हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा आवाज, ते म्हणाले, हा मुद्दा आपल्याकडून राहूनच गेला. मग आवाजाची तुलना सुरू झाली. त्यात मोहाचा हंगाम संपला.

शेवटी वजनाचा दिवस आला. एका पारड्यात बुटकी जोडी, दुसऱ्यात खोल जोडी. फरक दोन आवळ्यांचा निघाला. हेमंतराव म्हणाले की फिरणाऱ्या वस्तूचे वजन दुपटीने भोवते, म्हणजे हे चार आवळे धरा. चार आवळे म्हटल्यावर सभा गंभीर झाली. दिनकररावांनी काळजीच्या भरात मधाचे एक अख्खे पोळे खाल्ले. ते कोणी तोलले नाही.

पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून काटा स्थिर होण्याची वाट पाहत सगळे श्वास रोखून बसले होते, तेवढ्यात धनेश आला. धनेशाचे पंख केवढे असतात तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या वाऱ्याने पारडी डोलू लागली.

"दिनकरराव, आत्याबाईंनी..." तो म्हणाला.

"आत्ता नको रे," दिनकरराव म्हणाले. "काटा हलतोय. जरा लांब जाऊन बस."

धनेश लांब जाऊन बसला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उडून गेला, आणि काटा स्थिर झाला.

बुटकी चाके ठरली. त्यांचा हब तर असा वाजे की अख्ख्या घाटाला ऐकू जावे. रविवारी सगळ्या मंडळाने टाळ्या वाजवून दिनकररावांना निरोप दिला. चाके खरोखर चांगली होती, मी खोटे कशाला सांगू? दिनकरराव दम लागला तरी थांबले नाहीत. ओढ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. शेवटच्या वळणावर त्यांनी पायडल थांबवले, आणि चाक असे काही गाऊ लागले की झाडावरचे पोपट उडाले.

गुहेच्या तोंडाशी कोणी आले नाही.

आत्याचा डोळा लागला असेल, असे दिनकररावांना वाटले. उतरून आत डोकावावे असेही वाटले. पण आज लागलेला वेळ फार सुरेख दिसत होता. पुढच्या रविवारी निवांत येऊ, असे ठरवून ते माळाच्या टोकाला गेले, तिथून वळले आणि तसेच परत आले.

वडाखाली धनेश बसला होता.

"आत्याबाई गेल्या," तो म्हणाला. "त्या दिवशी त्यांनी तुम्हाला शेवटचं बोलावलं होतं. तेच सांगायला आलो होतो."

 दिनकरराव रडले, मुलांनो, मोठ्याने रडले. मंडळी वाईट नव्हती. सगळे माना खाली घालून उभे राहिले, तरस आणि सांबर तर एकमेकांशेजारी. मग हेमंतरावांनी किती वेळ लागला ते हळूच विचारले. दिनकररावांनी हुंदके देत ते सांगितले. घाटातला तो विक्रम होता.

"मध्ये कुठं थांबला नाहीत ना?" हेमंतरावांनी विचारले.

"नाही."

"म्हणूनच."

मंडळाने दिनकररावांना हार घातला. ते म्हणाले की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे जड वाटते आहे. हेमंतरावांनी सायकलीकडे निरखून पाहिले आणि सांगितले की हँडल थोडे वर घ्यावे लागेल. कोणते हँडल चांगले, यावर त्याच संध्याकाळी सभा बसली. दिनकरराव पहिल्या रांगेत होते.

तात्पर्य : चाके नीट पारखून, सावकाश निवडावीत. घाईने जुन्याच चाकांवर निघाल्यास माथ्यावर कोणीतरी जिवंत भेटते, मोहाची फुले खायला बसवते, आणि विक्रम हुकतो.