तायडे सरांचं जपानी मटण

आमच्या अकोल्याच्या कॉलनीत रविवारी तायडे सरांच्या घरी गेलात, तर आवाज खाली ठेवून बोलावं लागतं. घरात कोणी आजारी नसतं की झोपलेलं नसतं. "हळू बोला बाप्पा, शिजून राह्यलं," सर ओठांवर बोट ठेवून सांगतात.

शिजत असतं डुकराचं मटण, जपानी पद्धतीचं. सरांची मुलगी ओसाकाला नोकरी करते. तिनं विजेवरचा स्लो कुकर पाठवला आणि कृती व्हिडिओवर शिकवली. सर आयटीआयमध्ये फिटरचे मास्तर होते, त्यामुळे मटणाचे तुकडे फूटपट्टी लावून कापतात. सोया सॉस, अद्रक, लसूण इथवर सगळं मुलगी सांगते तसं. तांदळाच्या दारूचा विषय निघाला तेव्हा मात्र, "घरात थेंब येणार नाई!" तिच्या जागी शेंदूरजनाघाटच्या साडूची संत्री पिळतात, वर गूळ टाकतात. मग आठ तास झाकण उघडायचं नाही. मी एकदा हात पुढे केला, तर त्यांनी तो कृती उतरवलेल्या वहीनं उडवला. "काहून घाई करता मॅडम? जपानात कोणी झाकण उघडत नाई!" सर स्वतः नागपूरच्या पुढे गेलेले नाहीत.

संध्याकाळी आम्हा खाणाऱ्यांच्या चार घरी डबे पोचतात.

यंदा मार्चमध्ये माझ्याकडे राहायला आलेल्या आईचे उरलेसुरले दात काढले. कवळीला अवकाश होता. नांदगाव खंडेश्वरला आयुष्यभर निंदण-खुरपण केलेली माझी आई खिचडी पाहिली की तोंड फिरवायची. "हे काय लेकराचं खाणं देऊन राह्यली मले?" पंधरा दिवसांत तिचं लुगडं सैल झालं. मी घाबरले आणि सरांपुढे चक्क रडले.

"रविवारपर्यंत थांबा," एवढंच ते म्हणाले.

त्या रविवारी नेमकी भर दुपारी वीज गेली. मी धावत गेले. सरांनी पंखा, फ्रीज सगळं बंद करून इन्व्हर्टरवर एकटा कुकर चालू ठेवला होता. स्वतः बनियनवर, घामाघूम, वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते.

"बॅटरी संपली तर?"

"मायचं जेवण झाल्याबिगर कशी संपते, पाह्यतो ना!"

सहा वाजता कुकर उचलून ते आमच्याकडे आले. मटण चमच्यानं दाबताच सुटलं. आईनं ते भातात कालवलं, हिरड्यांनी चघळलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. "मीठ कमी हाये," म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मला त्या कुकरच्या पाया पडावंसं वाटलं.

सर निघाले, तशी आई म्हणाली, "तू कुठं चालला? जेवला का?"

"मी नाई खात, माय. सारं वाटून टाकतो."

"काहून?"

सर कुकरची वायर गुंडाळत राहिले. "बायको गेली तवापासून एकट्याच्या घशाखाली उतरत नाई. पण रविवारी व्हिडिओवर कुकर चालू दिसला नाई, तर पोरगी तिकडं काळजी करते."

"बस इथं," आई म्हणाली.

सर बसले. मी ताट वाढलं. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला.

"खरंच मीठ कमी हाये हो, माय. दोन वर्षांत आज चाखलं."

दोन वर्षं आम्ही चार घरं त्यांचे डबे घासूनपुसून परत करत होतो. जेवायला बसा म्हणायचं एकालाही सुचलं नव्हतं.