वेनचा पाचवा अर्थ

सुदृढ कारभाराचा पाया पाणी, रस्ते, दिवे असल्या क्षणभंगुर गोष्टींवर नसून शब्दांवर उभा असतो, आणि तेही शक्यतो कोणीच वापरत नाही अशा शब्दांवर. हे ओळखून पाणीपुरवठा कचेरीने बढतीसाठी एकच परीक्षा ठेवली होती: कानाला सारखे, अर्थाने वेगळे असे चारशे बारा जुने इंग्रजी शब्द तोंडपाठ सांगायचे. (चाळीस वर्षांत यांतला एकच शब्द कचेरीच्या पत्रात आला, तोही टायपिस्टच्या चुकीने. तिला शाबासकी मिळाली.)

खिडकी क्रमांक तीनवरचे लिपिक या परीक्षेत अकरा वेळा आपटले होते. कचेरीत त्यांना सगळे शब्दोबा म्हणत. हेडक्लार्क व्हावं, वरच्या मजल्यावर, जिथे लोकांसाठी खिडकीच नाही, तिथे खुर्ची टाकावी, एवढंच त्यांचं स्वप्न. शब्द तसे बरे जायचे. शेवटी साहेब सहज एखाद्या अर्जदाराची तक्रार विचारत, तीही शब्दोबा अगदी सविस्तर सांगत. तरी निकाल ठरलेला! नक्की यादीतल्या 'वेन' या शब्दाचा पाचवा अर्थ नडतोय, अशी त्यांची खात्री होती.

"यंदा पास नाही झालात ना," बायकोने बजावलं, "तर माझ्या भावासमोर तोंड उघडू नका. तो पहिल्या झटक्यात पास झालाय." (मेहुण्याला आपल्या गल्लीचंही नाव आठवत नसे. ते का आड आलं नाही, याचं शब्दोबांना नवल वाटे.)

दर मंगळवारी खिडकीवर शिंपीणकाकू यायच्या. त्यांच्या नळाला सतरा महिने थेंब नव्हता. त्यांचे अर्ज शब्दोबांनी फार जपले होते. एकावर एक ठेवून शब्दांच्या यादीला त्यांचा छान कडक पुठ्ठा झाला होता.

"वेन," शब्दोबा डोळे मिटून पुटपुटत होते. "एक, शीर. दोन, गर्विष्ठ. तीन, छपरावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. चार, चंद्राचं कलेकलेने घटणं. पाच... पाच..."

"अहो, गाडा!" काकू खिडकीतून म्हणाल्या. "शेतातला जुना गाडा. गेल्या मंगळवारीही इथेच अडकला होतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"उभी राहून राहून पाठ झालं, दुसरं काय! घ्या पुढचा."

त्या दिवसापासून काकू गळ्यातली टेप काढून खिडकीवर आपटत आणि शब्दोबा चुकले की पुन्हा पहिल्यापासून घेत. अर्ज द्यायला-घ्यायला दोघांनाही सवड होईना. मागची रांगही तयार झाली. एक न्हावी वेदरमध्ये इतका पक्का झाला की हवामान, "की नाही" आणि खच्ची केलेला मेंढा एका दमात सांगे. तिमाही अहवालात नोंद झाली: तक्रारींत एकसष्ट टक्के घट, जनतेत समाधान.

परीक्षेत शब्दोबांनी चारशे बाराच्या चारशे बारा सांगितले. गाडा ऐकून साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या खिडकीवर एक शिंपीणबाई येतात. त्यांची तक्रार काय हो?"

शब्दोबांना काकूंचा चष्मा आठवला, टेप आठवली. तक्रार काही केल्या आठवेना. ज्या बाईने एवढं शिकवलं तिचं साधं गाऱ्हाणं आपण विसरलो! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, विसरलो."

"उत्तीर्ण!" साहेबांनी शिक्का मारला. "अकरा वेळा तुम्हाला सगळ्या तक्रारी आठवत होत्या, म्हणून तर अडलं होतं. असला माणूस वरच्या मजल्यावर टिकत नाही."

शब्दोबा वर गेले. त्या रात्री मेहुणा स्वतःहून पेढे मागायला आला. मंगळवारी खिडकी तीनवर नवा लिपिक नवी यादी घेऊन बसला होता. काकूंनी सुस्कारा सोडला, टेप काढली आणि म्हणाल्या, "चला, वेनपासून घेऊ."

काकूंची दया आली ना तुम्हाला? यायलाच हवी. तर मग वर न बघता सांगा, त्यांच्या नळाला किती महिने पाणी नाही?

बरं, राहू द्या. वेनचा पाचवा अर्थ?

शाब्बास. वरच्या मजल्यावर अजून एक खुर्ची रिकामी आहे.