सांगून जाणाऱ्या बाई

कांबळे बाई कुठंही निघाल्या तरी सांगून जात. यात विशेष काय, असं वाटेल. पण मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलेलं असताना पहिल्या रांगेतली बाई उठून, "सर, मी पाणी प्यायला चाललोय, पिऊन लगीच येतो," असं कोल्हापुरी वळणात खणखणीत सांगते, तेव्हा सरांचं पुढचं वाक्य हरवतं. खडू आणायला निघाल्या की वर्गाला सांगत. बाथरूमला निघाल्या की सगळ्या स्टाफरूमला. परतीच्या वेळेसकट. पोरं त्यांची नक्कल करत आणि बाई ती बघून दुरुस्त्या सुचवत.

कोल्हापुरातल्या माझ्या मुलीच्या शाळेत फौजींची मुलं बरीच. त्यांच्याशी बोलायला म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेनं समुपदेशक नेमल्या, त्या या कांबळे बाई. खोली मिळाली जिन्याखालची, कसरतीच्या गाद्या ठेवायची.

माझे यजमान सुभेदार, सीमेवर. घर मी एकटी चालवायची. गॅस, लाइट बिल, किराणा, सगळ्याच्या याद्या फ्रिजवर. तिसरीतली स्वाती मात्र कुठल्याच यादीत बसेना. ती वर्गात झोपायची. गणिताच्या गुरुजींनी मला बोलावून घेतलं. जाऊन बघते तर स्वाती जिन्याखाली गादीवर गाढ झोपलेली आणि बाई दारात आडव्या उभ्या.

"झोपू दे की. गणित कुठं पळून जातंय?"

"अहो, मग समुपदेशन कधी करणार?" गुरुजींनी विचारलं.

"हेच चाललंय न्हवं!"

गुरुजी गेल्यावर त्यांनी मला आत बसवलं. "रातीला जागती ही. तुम्ही दमून झोपता, ही तुमच्या पदराचं टोक धरून बसती. पप्पा गेले तवा मी झोपले हुते, म्हणती. आता आईबी जाईल."

आमच्या फौजी घरांत पद्धतच आहे. रजा संपली की माणूस पहाटे, पोरं झोपेत असताना निघतो. रडारड नको म्हणून. शाहूवाडीच्या घरातून माझे सासरे असेच निघायचे, यजमानही तेच शिकले.

"पुढच्या खेपेला उठवा तिला," बाई म्हणाल्या.

"रडेल हो."

"रडू दे की. बापाच्या गळ्यात पडून रडू दे. आणि जाणाऱ्यानं परत कवा येणार ते सांगितल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाय."

पुढच्या रजेत बॅग भरायची यादी केली, तिच्यात शेवटी लिहिलं: स्वातीला उठवणे. यजमान म्हणाले, "त्यापेक्षा ड्यूटी सोपी." स्वातीनं असा गळा काढला की गल्लीतले दिवे लागले. यजमान कसेबसे म्हणाले, "शिमग्याला येतो," आणि बूट बांधायला उगाच खाली वाकले. त्या रात्री पोरगी जेवली आणि झोपली. पदर न धरता.

शिमग्याला रजा मिळाली नाही. त्यांचा फोन आला. स्वातीनं ऐकून घेतलं आणि थेट बाईंच्या सुरात विचारलं, "मग कवा, ते सांगा की."

त्या गाद्यांवर किती घरांची झोप परत आली, ते शाळेला माहीत नाही. आम्हा आयांना आहे.

स्वाती दहावीला असताना बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषणं चालली होती आणि पाहते तर बाईंची खुर्ची रिकामी. सरांना विचारलं. त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी मागच्या फाटकाकडे गेले. बाई शाल काखेत मारून निघाल्या होत्या.

"बाई, तुम्ही? न सांगता?"

"सांगायचं तर परत कवा येणार ते बी सांगाय लागतंय." त्यांनी फाटकाची कडी काढली, परत लावली. "घरी काय, कुलपाला सांगून निघतो रोज. ते काय इचारत न्हाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरी कोण असतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "रविवारी सकाळी दहाला मी येते तुमच्याकडं. स्वातीला घेऊन."

बाईंनी काखेतली शाल खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "या. पण जाणार कवा, ते आत्ताच सांगा."