मुक्या नाटकाचा प्रॉम्प्टर

माझ्या पुतणीच्या लग्नात, अकोल्याला, बायकांनी नवरीला घेरून उखाण्याचा आग्रह धरला. पोरगी तयारीची होती. संत्र्याच्या बागेपासून सुरुवात करून तिनं यमक छान जुळवत आणलं आणि रीतीप्रमाणे नवऱ्याच्या नावापाशी येऊन लाजून थांबली. मान खाली, गालात हसू, बायका कान टवकारून. तेवढ्यात केळीच्या खांबामागून दबका पण खणखणीत आवाज आला, "प्रफुल्लराव."

नवरी दचकली, बायकांनी वळून पाहिलं. खांबामागं हातात जिलेबीची प्लेट घेऊन भाऊराव तायडे उभे होते. मी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं, तर मलाच म्हणाले, "पोरगी अडली होती ना बाप्पा. म्हून नाव देलं."

तायडेसाहेब आणि मी अकोल्याला पाटबंधारे खात्यात एका खोलीत बसायचो. निवृत्तीनंतर दोघंही अमरावतीला आलो आणि साईनगरात शेजारी झालो. पगार पाटबंधाऱ्याचा, पण जीव नाटकाच्या विंगेत, असा हा माणूस. आमच्या हौशी मंडळाचे ते कायमचे प्रॉम्प्टर. तोंडाला कधी रंग लावला नाही, पण त्यांच्यावाचून पडदा वर गेला नाही. नट अडला की हे विंगेतून पुढचं वाक्य अशा बेतानं सोडायचे की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला कळू नये. नटाला धीर देऊन पुढं ढकलायचा असला की म्हणायचे, "थांबू नोका, समोर घ्या."

गोम अशी की ही सवय नाटकाबरोबर निवृत्त झाली नाही. समोरचा माणूस दम घ्यायला थांबला तरी त्यांना तो अडल्यासारखाच वाटतो. एकदा माझे रिपोर्ट दाखवायला ते सोबत आले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आता जरा..." आणि चष्मा पुसायला थांबले. तायडेसाहेबांनी बाजूनं हळूच दिलं, "बायपास." मला दरदरून घाम फुटला. डॉक्टरांना फक्त चालायला जाण्याबद्दल सांगायचं होतं. परतताना मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही आणि ते मात्र सगळा रस्ता माझी वाक्यं सुचवत होते.

मंडळाचं हुकमी नाटक एकच. नाव सांगत नाही, पण वऱ्हाडात ज्यानं आपल्या काकाला दाढी चिकटवून त्यात भालदार झालेलं पाहिलंय, त्याला ते आपोआप कळेल. राजा मेलेला, युवराज लहान, प्रधान कपटी, आणि मुलाचा जीव वाचवायला शेवटी राणी गादी सोडते. तिसऱ्या अंकात राणीचं लांबलचक स्वगत आहे. ते ऐकून वरूडच्या प्रयोगाला संत्र्याचे व्यापारी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, असं तायडेसाहेब शपथेवर सांगतात. सगळं नाटक त्यांना तोंडपाठ. झोपेत उठवून प्रधानाचं वाक्य विचारलं तर राणीच्या उत्तरासकट म्हणतील.

त्यांची मुलगी सुजाता भरतनाट्यम शिकलेली. आई आजारी पडली तेव्हा पुण्याहून परत आली ती इथंच राहिली, राजापेठेत नाचाचा क्लास काढला. आई गेली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं म्हणजे भाजी काय आणायची आणि गॅस कधी संपला, एवढंच. दोघंही चांगली माणसं, पण त्यांच्या घरी चहाला गेलं की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. जगातल्या प्रत्येक अडलेल्या माणसाला शब्द पुरवणारा हा गडी स्वतःच्या पोरीसमोर गप्प का, हे मला कधी उमगलं नव्हतं.

मग एके दिवशी तायडेसाहेब चपला न घालताच आमच्याकडे आले. सुजाता ते नाटक बसवत होती. लहानपणी विंगेत चादरीवर झोपून ऐकलेलं तेच नाटक. त्यांनी पेटीतून जुनी संहिता काढून तिला ऊन दाखवलं, चष्म्याला नवी दोरी लावली. दुसऱ्या दिवशी आले ते तोंड पाडून.

"ब्याले हाय म्हणते," बॅलेला ब्याले करत ते म्हणाले. "नाचातूनच सगळं. एक शब्द नाही भाऊ त्याच्यात. मुकं नाटक."

वर सुजातानं बजावलं होतं की विंगेत यायचं नाही, खुर्ची पहिल्या रांगेत. तालमीला बसायची परवानगी होती, पण तोंडात लवंग धरून. लवंग का, तर पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक हालचालीवर गाळलेलं वाक्य कुजबुजून पुरवलं होतं आणि मुलींचा ताल पार चुकला होता.

मीही अधूनमधून तालमीला जायचो. तायडेसाहेब कोपऱ्यात लवंग चघळत बसलेले आणि चेहऱ्यावर वाक्यं नुसती उकळत असलेली. घरी येताना सगळी वाफ माझ्यावर निघायची. "चार पानाचं स्वगत. लेखकानं जीव टाकला त्याच्यात. अन् हे पोट्टी तीन गिरक्यात उरकून राहिली." प्रधान खोटं बोलतो हे शब्दांवाचून लोकांना कसं समजणार, हा त्यांचा मोठा प्रश्न होता. मग एका संध्याकाळी प्रधान झालेल्या मुलीनं हात राणीपुढं जोडले आणि पाय मात्र हळूहळू गादीकडं सरकवत नेले. तायडेसाहेबांनी ते पाहिलं. घराशी आल्यावर म्हणाले, "प्रधानाचं जमलं तिले." माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं आता रदबदली करायला हरकत नाही.

म्हणून प्रयोगाच्या आठवड्यात मी सुजाताला गाठलं. म्हटलं, म्हाताऱ्याला विंगेत उभं राहू दे, त्याचं तेच देऊळ आहे. ती घुंगरांच्या नव्या दोऱ्या ओवत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं की लहान असताना, अकोल्याच्या शाळेत, गॅदरिंगला तिचं भाषण होतं. पहिलं वाक्य झालं आणि तिनं नुसता श्वास घेतला. मागून बाबांनी पुढचं वाक्य दिलं. ती गडबडली, मग त्याच्या पुढचं दिलं. माइक जवळ होता. सगळी शाळा हसली.

"नाचात मागून कोणी बोलत नाही, काका," ती म्हणाली. "म्हणून मी नाचाकडे गेली."

बाबांना हे माहीत आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आम्ही कधी बोललोच नाही त्याच्यावर. पण तुम्ही त्यांच्या बाजूला बसा. ते बोलले ना, तर मी परत नाही उभी राहू शकणार स्टेजवर. घट्ट धरून बसा त्यांना."

त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी अमरावतीतल्या भरलेल्या सभागृहात नाटकाचा आनंद मी सोडून सगळ्यांना मिळाला. मी तायडेसाहेबांच्या सफारीचं टोक मुठीत धरून बसलो होतो. ते लवंगावर लवंग खात होते. पहिला अंक झाला, प्रधानाच्या पायांना टाळी पडली, दुसराही पार पडला. मग तिसरा अंक आणि राणीचं स्वगत. राणी स्वतः सुजाताच होती.

गादीच्या पायरीवर तिनं एक गिरकी घेतली, हात वर गेले आणि तिथंच राहिले. व्हायोलिन चालू, तबला चालू, राणी थिजलेली. आधी वाटलं असंच बसवलंय. मग तबल्याचं आवर्तन संपून दुसरं सुरू झालं, तरी ती हलेना. मागं कोणीतरी खाकरलं.

माझ्या मुठीतली सफारी सुटली. तायडेसाहेब उभे राहिले होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मी डोळे मिटले. संपलं, आता हा माणूस बोलणार.

आवाज आला तो मागच्या रांगेतून, "ओ काका, खाली बसा ना." मी डोळे उघडले. तायडेसाहेबांचं तोंड घट्ट बंद होतं. सफारीतला तो सत्तरीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस डोक्यावरचा नसलेला मुकुट दोन्ही हातांनी उतरवत होता. मुकुट त्यांनी जपून खाली ठेवला, कमरेतून वळले, खाली वाकून लहान मुलाचा चेहरा ओंजळीत घेतला, त्याला छातीशी धरलं आणि गादीकडं पाठ केली. एकही हात इकडचा तिकडं नाही. कोपऱ्यात बसून नुसते रागावतायत असं मी समजत होतो, आणि या गृहस्थानं राणीचं सबंध स्वगत अंगात उतरवून घेतलं होतं. मागचे लोक हसले. मला मात्र हुंदका आला आणि तो मी खोकल्यावर निभावला.

सुजातानं त्यांच्याकडं पाहिलं. मग तिचे हात मुकुटाशी गेले. मुकुट उतरला, मूल छातीशी आलं, राणीनं गादीकडं पाठ केली. तायडेसाहेब खाली बसले आणि पडदा पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

प्रयोग झाल्यावर मी त्यांना ओढतच आत नेलं. ते दारातच थांबले आणि चोरी पकडली गेल्यासारखं म्हणाले, "मी बोललो नाही बरं सुजू." सुजाता रंग पुसत होती. ती उठून आली, त्यांच्या सफारीची सुटलेली गुंडी लावली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी अकोल्याले प्रयोग हाय. तिथं तुमी विंगेत उभे राहा. मले नाचताना दिसले पायजे." एवढं बोलून ती मुलींचे दागिने गोळा करायला गेली.

मला इतकं हलकं वाटलं की स्कूटर काढताना मी शीळ घालत होतो. तायडेसाहेब मागं बसले. राजकमल चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि शर्ट ओला होतोय असं मला जाणवलं.

"अडली ना भाऊ ते," ते म्हणाले, "तवा तिनं माह्याकडंच पायलं."